फितूर नेहमी स्वैपाकघरातलाच का?

लुई माल ह्या फ्रेंच दिग्दर्शकाच्या दोन सिनेमांबद्दल लिहायचं आहे. सिनेमांबद्दल कमी, त्यांच्यावर जे लिहिलं गेलं त्याच्याबद्दल जास्त. एक 'लाकोंब, लुसिएं', १९७४ चा. दुसरा 'ओ रव्वार लेझांफां', १९८७ चा, आपल्या भाषेत 'बरंय पोरांनो, येतो'. दोन्हींतला काळ एकच, १९४४. फ्रान्सवर जर्मनांचा अंमल, ज्यू माणसांची धरपकड चाललेली. दोन्हींत एक फितूर आहे, आणि दोन्हींत तो फितूर खालच्या घरचा पोरगा आहे. एक इस्पितळात फरशी पुसतो, रोग्यांची भांडी उचलतो. दुसरा श्रीमंतांच्या बोर्डिंगात स्वैपाकघरात राबतो, पायाने लंगडा आहे.

हा योगायोग म्हणून सोडून देता येईल. समीक्षकांनी बहुतेक तेच केलं. मला ते जमत नाही.

आधी 'लुसिएं'ची गोष्ट थोडक्यात. नैर्ऋत्य फ्रान्समधलं खेडं. बाप जर्मनांच्या कैदेत. आई गावच्या जमीनदाराबरोबर राहते. पोरगा घरी येतो तर त्याच्या जागी दुसरेच लोक राहायला आलेले. तो गावच्या मास्तराकडे जातो. मास्तर गुप्तपणे जर्मनांविरुद्धच्या लढ्यात आहे. पोरगा म्हणतो, मला घ्या. मास्तर म्हणतो, तू लहान आहेस. नाही म्हणतो. परत जाताना सायकल पंक्चर होते, संचारबंदीची वेळ टळते, आणि तो एका हॉटेलाशी येऊन पोचतो. तिथे जर्मनांसाठी काम करणाऱ्या फ्रेंच पोलिसांचा अड्डा. ते त्याला आत घेतात, दारू पाजतात, गप्पांत मास्तराचं नाव काढून घेतात. दुसऱ्या दिवशी मास्तराला फरफटत आणतात. पोरगा तिथेच राहतो. त्याला बंदूक मिळते, खिशात पैसे येतात. पॅरिसहून पळून आलेल्या हॉर्न नावाच्या ज्यू शिंप्याकडून नवा सूट शिवून मिळतो. शिंप्याला एक मुलगी आहे, तिचं नाव फ्रान्स. पुढचं सिनेमात बघा. शेवटी पडद्यावर अक्षरं येतात की त्याला पकडलं, लढ्याच्या लष्करी कोर्टाने गोळी घातली.

ह्या सिनेमावर फ्रान्समध्ये वादळ झालं. ते समजायला थोडं मागं जावं लागतं. लढाई संपल्यापासून जनरल द गॉलच्या फ्रान्सने स्वतःला एक गोष्ट सांगितली होती, की सगळा देश लढला, गद्दार मूठभर. द गॉल १९७० मध्ये वारला. मार्सेल ओफ्युल्सचा 'ल शाग्रें ए ला पितिए' हा चार तासांहून लांब माहितीपट १९७१ मध्ये थिएटरात लागला. त्यात क्लेरमाँ-फेराँ ह्या एका शहरातली साधी माणसं सांगतात की आम्ही काय केलं आणि काय नाही केलं. फ्रेंच टीव्हीने तो माहितीपट १९८१ पर्यंत दाखवला नाही. दहा वर्षं! आपल्या देशात काय दाबतात ते आपण बघतोच, पण हे लोकशाहीची आई म्हणवून घेणाऱ्या फ्रान्सचं. तर ह्या सगळ्यात १९७४ च्या जानेवारीत 'लुसिएं' लागला.

सुरुवातीला वाहवा झाली. मग डावे उठले. त्यांचं म्हणणं, लढणारी माणसं कुठायत ह्यात? एका गद्दाराला तुम्ही देखणा करता, त्याला प्रेम देता, आणि वर दाखवता की सायकल पंक्चर झाली म्हणून माणूस गद्दार झाला, म्हणजे विचार वगैरे काही नसतोच. 'काहिए द्यु सिनेमा' ह्या मासिकाने त्याच वर्षी मिशेल फूकोची मुलाखत घेतली. फूकोचा मुद्दा मोलाचा आहे. तो म्हणतो की सामान्य लोकांची आपल्या लढ्यांची एक आठवण असते. पूर्वी ती गाण्यांत, गोष्टींत राहायची, आता सिनेमा आणि टीव्ही तिच्यावर नवी आठवण चढवतात. लोकांना ते काय होते हे दाखवत नाहीत, आपण काय होतो असं त्यांनी आठवावं ते दाखवतात. ज्याच्या हातात लोकांची आठवण, त्याच्या हातात लोकांची ताकद. हे वाचताना मला आपल्या जलशांची आठवण झाली, आणि शाळेच्या पुस्तकांची पण.

तिकडे अमेरिकेत पॉलिन केलने 'न्यूयॉर्कर'मध्ये सिनेमा डोक्यावर घेतला. तिच्यासारख्या बऱ्याच जणांनी लुसिएंच्या चेहऱ्याबद्दल लिहिलं. कोरा चेहरा. ज्यात चांगलं-वाईट काही उमटत नाही असा. दुष्टपणा किती साधा असतो वगैरे.

मी दोन्हीकडची मतं वाचली. मला वाटलं, दोन्हीकडचे लोक त्या पोराच्या डोक्यावरून एकमेकांशी बोलतायत. एक म्हणतो, हा जनावरासारखा निरागस आहे. दुसरा म्हणतो, तुम्ही कष्टकऱ्यांना जनावर दाखवलंत. पण ह्याला मास्तराने नाही का म्हटलं, ह्यावर दोघंही थांबत नाहीत. लहान आहे म्हणून? सतरा-अठराचा पोरगा इस्पितळात मोठ्या माणसाचं काम करतोच आहे. मास्तराने त्याला वर्गात ओळखलं असणार, आणि मास्तर पोरांना कसे ओळखतात हे ज्यांनी मागच्या बाकावर शाळा काढली त्यांना वेगळं सांगायला नको.

आता एक प्रसंग सांगतो. माझ्या मते सगळा सिनेमा तिथे आहे. लढ्यातला एक माणूस पकडला गेलाय, बांधून ठेवलाय, लुसिएं पहाऱ्यावर. तो माणूस त्याला समजावतो. तुझं वय काय, तुला लाज कशी वाटत नाही, मला सोड. बोलताना तो त्याला 'तू' म्हणतो. फ्रेंचमध्येही आपल्यासारखंच आहे, 'तू' वेगळं आणि 'तुम्ही' वेगळं. लुसिएं त्याला सांगतो की मला कुणी तू म्हटलेलं आवडत नाही. मग त्याच्या तोंडावर चिकटपट्टी लावतो, आणि त्या पट्टीवर लिपस्टिकने ओठ काढतो.

इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच. खाली इंग्रजी अक्षरं वाचत सिनेमा बघणाऱ्याला हा प्रसंग म्हणजे एका टग्याचा क्रूर चाळा वाटेल. मराठीत बघणाऱ्याला वाटणार नाही. आपल्या गावात म्हाताऱ्या बापाला दहा वर्षांचं पाटलाचं पोरगं 'अरे महाद्या' म्हणून हाक मारायचं आणि बाप 'जी' म्हणायचा. त्या हाकेसमोर उभं राहिलेला प्रत्येक जण हे दृश्य बघताना खुर्चीत सावरून बसेल. देशासाठी जीव द्यायला निघालेला माणूस, बांधलेला, मरणाच्या दारात, आणि तरी समोरच्याला तू म्हणायची त्याची सवय जात नाही. त्याला ते कळतही नाही. लुसिएंला मात्र पक्कं कळतं. त्याच्या कोऱ्या चेहऱ्यावर जे काही उमटतं ते इथे उमटतं.

पण थांबा. इथून पुढे आमच्यातले काही जण जिथे गेले तिथे मी जाणार नाही.

हे दोन्ही सिनेमे आम्ही सात-आठ जणांनी खोताच्या वाडीत एका मित्राच्या माडीवर पाहिले, भिंतीला चादर लावून. वाडी वाचकांना माहीत असेल. दादोबा वामन खोत ह्या पाठारे प्रभू गृहस्थाची ही जमीन, त्यांनी तुकडे करून ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांना दिली. पोर्तुगीज वळणाची लाकडी घरं, बाहेरून चढणारा जिना, दाराशी बाक. आता त्यातली थोडी घरं उरलीत, बाकीच्यांच्या जागी उंच इमारती. लोक फोटो काढायला येतात, रहिवासी वैतागतात. तर त्या माडीवर 'लुसिएं' संपला आणि आमच्यातला एक तरुण पोरगा म्हणाला, "हा आपलाच आहे. ह्याला कुणी घेतलं नाही म्हणून तिकडं गेला." दोघा-तिघांनी माना डोलावल्या. तेव्हा एक बाई बोलल्या. शाळेत शिकवायच्या, आता निवृत्त. म्हणाल्या, "आपला कसा रे? आपला तो शिंपी. ज्याच्या घरात हा बूट घालून शिरतो, फुकट सूट शिवून घेतो, पोरीला उचलतो. तुला बंदूकवाला आपला वाटला, शिंपी का नाही वाटला?"

भांडण झालं. रात्री एकपर्यंत चाललं.

माझं मत बाईंच्या बाजूचं, पण पूर्ण नाही. लुसिएंचा अपमान खरा आहे. त्या अपमानातून त्याला जे मिळालं ते त्याने आपल्याहूनही खाली ढकललेल्या माणसाच्या छातीवर बसून वापरलं, हेही खरं आहे. ज्यू शिंप्याला कायद्याने माणसातून उठवलंय. अशा वेळी फरशी पुसणारा पोरगासुद्धा त्याच्या घरचा राजा होतो. ही उतरंड आपल्याला नवी आहे का? हा सिनेमा पॅरिसला लागला त्याच महिन्यात, जानेवारी १९७४ मध्ये, वरळीला बीडीडी चाळींत आमच्या माणसांवर दगड पडत होते. त्या चाळींत पोलिसही राहत. हातात दंडुका असलेले ते काही बंगल्यांतून आलेले नव्हते. कोकणातल्या, घाटावरच्या गरिबांचीच पोरं होती ती. लुसिएं तिथेही होता आणि आमच्या समोर उभा होता.

मालने स्वतः सांगितलंय की ही गोष्ट त्याला आधी मेक्सिकोत सुचली होती. १९७१ मध्ये तिथे विद्यार्थ्यांच्या मोर्चावर 'आल्कोनेस', म्हणजे बहिरी ससाणे, अशा नावाच्या टोळीने हल्ला केला, माणसं मारली. त्या टोळीत झोपडपट्टीतली पोरं भरती केलेली. सरकारनेच पोसलेली. तिथे सिनेमा करता येईना म्हणून गोष्ट त्याने १९४४ च्या फ्रान्समध्ये नेली. हे एकदा कळलं की डाव्यांचा अर्धा राग विनाकारण वाटतो. हा माणूस फ्रान्सच्या लढ्याची बदनामी करायला बसलेला नव्हता. गरिबाच्या पोराला दंडुका कोण देतं, एवढाच त्याचा सवाल होता.

आणखी एक गोष्ट समीक्षकांच्या नजरेतून निसटते. त्या हॉटेलात रोज टपालाने पत्रं येतात, ढिगाने. अमक्याच्या घरी ज्यू लपलाय, तमका रात्री रेडिओ ऐकतो. ती वाचायला एक बाई नेमलीय. ही पत्रं कोण लिहितं? लुसिएं नाही, त्याने मास्तराचं नाव दारूच्या नशेत तोंडाने सांगितलं. ही पत्रं लिहिणारे शिकलेले, वळणदार अक्षराचे, गावात मान असलेले लोक. मालने हे दाखवलंय. मग एवढ्या परीक्षणांत गद्दाराचं तोंड म्हणून एकट्या लुसिएंचंच तोंड का राहिलं? लेखी फितुरीला चेहरा नसतो, हे त्याचं एक कारण. दुसरं कारण असं की परीक्षण लिहिणाराही वळणदार अक्षराचाच असतो.

आता मालबद्दल. साखरेच्या कारखानदार घराण्यातला हा पोरगा. १९६८ मध्ये भारतात येऊन त्याने महिनोन् महिने कॅमेरा फिरवला आणि सात भागांचा माहितीपट केला. त्यातला एक भाग नुसता जातीवर, शेवटचा मुंबईवर. बीबीसीने तो दाखवला तेव्हा आपल्या सरकारला गरिबी दिसल्याचा राग आला, आणि १९७० मध्ये बीबीसीचं दिल्लीतलं ऑफिस बंद करायला लावलं. गरिबी असण्याचा राग कधी आल्याचं ऐकलं नाही. त्या प्रवासातून लुसिएं जन्मला असं मी म्हणत नाही, तसं म्हणायला आधार नाही. पण हा माणूस आपल्या वर्गाबाहेर बघायची धडपड करणारा होता, एवढं मानायला हरकत नाही.

म्हणूनच 'ओ रव्वार लेझांफां'चा मला जास्त राग येतो.

हा सिनेमा त्याची स्वतःची गोष्ट. आव्हाँ गावच्या कार्मेलाईट पाद्रींच्या बोर्डिंगात तो शिकत होता. मुख्याध्यापक पेर जाक ह्यांनी तीन ज्यू मुलांना नावं बदलून शाळेत लपवलं होतं. जानेवारी १९४४ मध्ये गेस्टापो आले. तिन्ही मुलं आउश्वित्झला मेली. पेर जाक छळछावणीतून जिवंत सुटले पण १९४५ च्या जूनमध्ये वारले. एवढ्या मोठ्या माणसावर बोलताना जीभ जपून वापरली पाहिजे. माझं बोलणं सिनेमातल्या पाद्रीवर आहे, सिनेमात त्याचं नाव पेर जाँ.

सिनेमाला १९८७ मध्ये व्हेनिसचा सोनेरी सिंह मिळाला, फ्रान्समध्ये सेझारची सात बक्षिसं. परीक्षणांत रडण्याशिवाय काही नाही. सगळे एका नजरेबद्दल लिहितात. गेस्टापोचा माणूस वर्गात येऊन विचारतो, ज्यू मुलगा कोण, आणि ज्युलिएं, म्हणजे लहानपणचा माल, न राहवून मित्राकडे एक क्षण बघतो. संपलं. ती नजर मलाही झोंबली. पण मित्रहो, गेस्टापो वर्गापर्यंत आले कसे?

स्वैपाकघरातला जोसेफ. बोर्डिंगातली श्रीमंत पोरं घरून आलेला जॅम, साखर त्याला देतात आणि बदल्यात तिकिटं, सिगारेटी घेतात. तो ते काळ्या बाजारात विकतो. पोरं त्याची टिंगल करतात, त्याला ढकलतात. एक दिवस पकडला जातो. पेर जाँ चौकशी करतो. ह्या धंद्यात ज्युलिएं आणि त्याचा मोठा भाऊही आहेत. जोसेफला काढून टाकतात. पोरांना ठेवतात, त्यांच्या आईबापांकडे बघून. पाद्री स्वतःच कबूल करतो की हा अन्याय होतोय. जोसेफला जायला जागा नाही. तो जातो आणि सांगतो.

आणि हाच पेर जाँ काही दिवसांपूर्वी भर प्रार्थनेत श्रीमंतांना झोडपतो! इतकं कडक बोलतो की एक पालक उठून जातो. प्रवचनात श्रीमंतांना शाप, आणि शिक्षेच्या वेळी श्रीमंतांना सूट. मालने दोन्ही प्रसंग दाखवले, त्याचं श्रेय त्याला. पण कॅमेरा जोसेफबरोबर दाराबाहेर जात नाही. तो कुठे झोपला त्या रात्री? आम्हाला त्याचं तोंड परत दिसतं ते जर्मनांबरोबर, नवा कोट घालून. लुसिएंला सव्वादोन तास मिळाले. जोसेफला पाच-सात प्रसंग. १९७४ मध्ये परक्याची गोष्ट सांगताना मालला जे बघायचं धाडस झालं, ते १९८७ मध्ये स्वतःच्या शाळेत शिरल्यावर त्याने आखडतं घेतलं. स्वतःच्या एका नजरेचा पश्चात्ताप त्याने चाळीस वर्षं वागवला. जोसेफच्या हकालपट्टीचा हिशेब कुणी मांडायचा?

त्या रात्री माडीवर मात्र दुसऱ्याच एका प्रसंगाने सगळ्यांना गप्प केलं. लपवलेला मुलगा, खरं आडनाव किपेलस्टाइन, शाळेत बोने. एकदा तो बाकीच्या मुलांबरोबर वेदीपाशी जाऊन गुडघे टेकतो, तोंड उघडतो. पेर जाँचा प्रसाद धरलेला हात त्याच्यापाशी थबकतो आणि पुढच्या मुलाकडे जातो. ज्या घरात बसलो होतो त्या घरच्या मावशी ईस्ट इंडियन. त्या म्हणाल्या, बाप्तिस्मा नाही तर कसा देईल, पाप लागतं. बरोबरच आहे, त्यांच्या धर्माप्रमाणे. पण आमच्यातल्या त्या निवृत्त बाई हळूच म्हणाल्या, "जीव वाचवतो, ताटात नाही वाढत." मग कुणीतरी बाबूराव बागुलांचं 'जेव्हा मी जात चोरली होती' काढलं. १९६३ चं पुस्तक. नाव झाकून जागा मिळवणं, नाव झाकून जेवणं, आणि सगळा वेळ कान दाराकडे. ह्याच गिरगावात खोली बघायला गेलं की भाडं सांगायच्या आधी आडनाव विचारायचे. अजून विचारतात, फक्त आता दलाल विचारतो. बोनेची भीती आम्हाला सबटायटलशिवाय कळते. तिकडच्या परीक्षणांत तिला बालपणाची निरागसता म्हटलंय. निरागस? तो मुलगा सबंध सिनेमात पहाऱ्यावर आहे.

मराठीत फिल्म सोसायटीची चळवळ जुनी आहे. मुंबईत प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून. जगाचा सिनेमा आमच्यापर्यंत त्यांनीच आणला, ते ऋण आहे. पण त्या चळवळीत घडलेली समीक्षेची भाषा मला अपुरी पडते. संयत, तरल, माणुसकीचा गहिवर. 'माणूस' म्हटलं की स्वैपाकघर आणि दिवाणखाना एक होतात. आम्ही सिनेमा बघताना आधी बघतो की कप कोण विसळतंय.

ही सवय आपल्याच इतिहासाने लावली. वाडीतून चालत निघालं तर गवालिया टँक फार लांब नाही. ८ ऑगस्ट १९४२ ला तिथे 'छोडो भारत'चा ठराव झाला. नंतर उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी ह्याच भागात जागा बदलत गुप्त रेडिओ चालवला, तो नोव्हेंबरात गिरगावातच पकडला गेला. त्यावर २०२४ मध्ये 'ऐ वतन मेरे वतन' हा हिंदी सिनेमा आला. पोरीचं धाडस खरं, त्याला सलाम. पण त्याच १९४२ च्या जुलैमध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सभासद झाले होते, आणि त्यांना इंग्रजांचे हस्तक म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ज्या महारांची फौजेतली भरती इंग्रजांनी बंद केली, त्यांची रेजिमेंट १९४१ मध्ये बेळगावात उभी राहिली, हिटलरविरुद्धच्या लढाईसाठी. हिटलर हरावा असं ज्याला १९४२ मध्ये मनापासून वाटत होतं त्याला हस्तक ठरवायचं, आणि गुप्त रेडिओ हाच काय तो लढा समजायचा! द गॉलने फ्रान्सला जी गोष्ट सांगितली तिची मराठी आवृत्ती आपल्या घराघरांत आहे. फ्रेंचांनी निदान माहितीपट काढला, दाबला आणि शेवटी दाखवला.

शेवटी त्या कोऱ्या चेहऱ्याबद्दल. लुसिएं झालेला प्येर ब्लेझ नट नव्हता. त्याच भागातला लाकूडतोड्या होता. १९७५ मध्ये मोटार अपघातात मेला, विशीच्या आसपास. पहिल्या काही मिनिटांत तो इस्पितळाची फरशी पुसतो. पुन्हा सिनेमा लावला तेव्हा मी फक्त त्याचे हात बघितले. फडकं पिळायची पद्धत, कोपऱ्यात जाताना गुडघा कसा टेकतो ते. मग खिडकीशी जाऊन, बाहेर झाडावर गाणारं पाखरू तो गलोलीने टिपतो आणि परत पुसायला लागतो.